दुसऱ्यांदा रक्त

निशाचा चहा त्या सकाळी काचेच्या ग्लासात आला.

घरात सगळे कपबशीतून प्यायचे. काचेचा तो ग्लास गोठ्याच्या वळचणीला पालथा पडलेला असायचा, गवत कापायला येणाऱ्या गड्यांसाठी. बनुबाईने, तिच्या सासूने, तो तिच्यापुढे जमिनीवर ठेवला आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. निशाने वर पाहिलं. सासू चुलीकडे वळली होती.

"आई, कप नाय का?"

"पावणे येतील. कप लागतील."

शिमगा होता. कुडपणच्या वाडीत देवीची पालखी आज घरोघर फिरणार होती. अंगण सारवून झालं होतं, पुरण शिजत होतं, पाहुणे येणारच होते. पण टॉवेलही काल वेगळा झाला होता. नवरा, जितेश, दोन रात्री ओटीवर झोपत होता. विचारलं तर म्हणाला, आत उकडतंय. मार्चातही पहाटे अंगावर गोधडी लागते असा हा माथ्यावरचा गाव, आणि याला उकडत होतं.

हे सगळं सुरू झालं महाडच्या सिस्टरच्या फोनपासून. फोन निशानेच घेतला होता. सिस्टर म्हणाल्या, "निशाताई, रक्त पुन्हा द्यायला यावं लागेल. मिस्टरांना सोबत आणा. घाबरू नका, पण टाळू नका." एवढंच. निशाने ते जसंच्या तसं जितेशला सांगितलं. तो उठून गवताच्या उडवीकडे गेला आणि त्याने बापाला तिथे बोलावून घेतलं. दोघं बराच वेळ तिथे उभे होते. सासरे परत आले ते तिच्याकडे न बघता आत गेले.

पाचवा महिना होता. बाळाला काही झालंय आणि हे लोक लपवतायत, असं तिला वाटत राहिलं.

दहाच्या सुमाराला पोलादपूरची जीप खालच्या वळणावर थांबली आणि सुप्रिया वर चढून आली. सुप्रिया म्हणजे सासऱ्यांची धाकटी बहीण. तिचा नवरा मुंबईत वारला तेव्हा सासरच्यांनी तिला बाहेर काढलं. पुढची काही वर्षं ती कुठे होती हा विषय या घरात निघत नसे. आता ती महाडला एका संस्थेत दवाखान्याचं काम करते, एवढंच सांगितलं जाई. माघात निशाला उलट्या थांबेनात तेव्हा सुप्रियानेच तिला आपल्या खोलीवर ठेवून घेतलं होतं, सोनोग्राफी आणि रक्ताच्या तपासण्या करून आणल्या होत्या.

दर वर्षी ती आली की कोणीतरी पुढे होऊन बॅग घ्यायचं. आज कोणी उठलं नाही. ओटीवर बसलेल्या तिच्या म्हाताऱ्या आईने, अंबूबाईने, फक्त विचारलं, "आलीस?"

"आले, आये. काय झालंय?"

अंबूबाईने सुपातला तांदूळ पुढे ओढला. "मला कोण काय सांगतंय?"

सुप्रियाने निशाकडे पाहिलं, मग तिच्या हातातल्या काचेच्या ग्लासाकडे. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. निशाने तेही बघितलं. हिलाही ठाऊक आहे. घरात सगळ्यांना काहीतरी ठाऊक आहे, मला सोडून.

*

निशाचा सासरा महिपत गोठ्यामागे होता. समोर गावकीचा मानकरी सोनबा उभा होता, डोक्याला फेटा, कपाळाला गुलाल.

"पालखी वरच्या आळीत हाय," सोनबा म्हणाला. "दुपारी तुझ्या दारात येईल. थांबवायची का नाय, ते विचारायला आलोय."

"म्हंजे? माझ्या बापाच्या आधीपासून थांबते."

"तुझा पोरगा काल सहाणेवर, पालखी बसते तिथं, काय बोलला ते तुला ठाऊक नाय?"

महिपतला ठाऊक नव्हतं.

"आत्यानं घरात रोग आणला म्हनं. सुनेला लागला म्हनं. ती आत्या महाडात कसलं काम करते ते पन बोलला. चार जनांसमोर." सोनबाचा आवाज मऊ होता. "मी कोनाला बोलत नाय. पन खांदेकरी पोरं बिथरलीत. घर मोकळं करून घे. मग बघू."

तो गेला. महिपत गाईच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

परवा उडवीपाशी जितेश म्हणाला होता, "बाबा, ते रक्त परत मागतात म्हंजे एचआयव्ही. आत्याच्या खोलीत राहिली, तिथंच लागलं. आत्या गोळ्या घेते, मी बघितल्यात." महिपतने विश्वास ठेवला होता. बहिणीबद्दल त्याच्या मनात आधीपासूनच एक कोपरा काळा होता. तो मुंबईत असताना कोणीतरी येऊन त्याला सांगितलं होतं, तुझी बहीण भिवंडीला दिसली, अशा अशा वस्तीत. त्याने त्या माणसाला शिवी दिली होती आणि बघायला गेला नव्हता.

पण आता दुसरीच गोष्ट खुपत होती. पोरगा त्याच्याजवळ हळू आवाजात बोलला होता, घरातली गोष्ट घरात म्हणून. मग तोच सहाणेवर जाऊन का ओरडला? घराची अब्रू जाते हे कळण्याएवढा तो मोठा आहे. स्वतःहून कोण दार उघडं टाकतं?

हा विचार त्याने तिथेच सोडला. पालखी वरच्या आळीत होती. तेवढ्या वेळात करायचं ते ठरलं होतं. बहिणीला जीपमध्ये बसवायचं. सुनेला तुडीलला तिच्या माहेरी पोचवायचं. आणि महाडला कोणी जायचं नाही. रक्त दिलं नाही तर कागदावर येत नाही, आणि कागदावर आलं नाही तर ते नसतं.

*

माजघरात सुप्रियाची बॅग उपडी झाली होती. जितेशने ती केली होती. सुप्रिया मोरीवरून हात धुऊन आली तोवर सगळं जमिनीवर होतं. साडी, कंगवा, आईसाठी आणलेला गुडघ्याचा पट्टा, गोळ्यांची पांढरी बाटली, आणि सरकारी निरोधची लांबलचक पाकिटं, एकाला एक जोडलेली. बनुबाईने पदर तोंडावर घेतला. अंबूबाई भिंतीकडे बघू लागली.

"हे बघ, आजी," जितेश म्हणाला. "तुझ्या लेकीचं दवाखान्याचं काम."

सुप्रिया खाली बसली आणि एक एक पाकीट उचलून बॅगेत भरू लागली. हा दिवस येणार हे तिला माहीत होतं. फक्त तो निशासमोर येऊ नये असं वाटत होतं.

"बोल," महिपत दारातून म्हणाला. "खरं काय ते बोल आणि जीपला जा."

"खरं हाय, दादा. हे निरोध हायत. मी बायांना वाटते."

"कसल्या बायांना?"

"धंदा करणाऱ्या. हायवेच्या ढाब्यामागं बसतात, लॉजवर जातात, कोणी घरातूनच करतात. त्यांना मी हे देते, कसं वापरायचं, गिऱ्हाईक नाय बोलला तर काय करायचं ते सांगते. तपासायला घेऊन जाते." तिने बाटली उचलली. "आणि मी पण केलाय धंदा. मुंबईत, भिवंडीत, मग महाडात. नवऱ्यानं जाताना मला हा आजार दिला, आणि सासरच्यांनी रस्ता दिला. इथं आले होते मी तेव्हा. आठवतंय, दादा? तू म्हणालास, चार दिवस राहा."

महिपतने मान अंगणाकडे वळवली.

"ह्या गोळ्या माझ्या. रोज घेते. किती वर्षं झाली. आता माझ्या रक्तात तो मोजायला पण सापडत नाय."

"ऐकलंत ना?" जितेशचा आवाज चढला. "स्वतःच्या तोंडानं बोलली. निशा हिच्या ताटात जेवली, हिच्या गादीवर झोपली!"

"ताटातून होत नाय रे. गादीवरून होत नाय. शिंकून, खोकून, एका मोरीत न्हाऊन, कशानं नाय. तसं असतं तर आये, तू, वहिनी, सगळी कधीच..." ती थांबली. "तुला हे ठाऊक हाय, जितेश. मीच सांगितलंय तुला."

सुप्रियाला कळलं की आपल्या तोंडून एक वाक्य जास्त गेलं.

भिंतीला टेकून उभी असलेली निशा पुढे आली. इतका वेळ तिच्याबद्दल सगळे बोलत होते, तिच्याशी कोणी बोललं नव्हतं.

"मला एक सांगा," ती नवऱ्याला म्हणाली. "सिस्टरचा फोन मी घेतला. रक्त परत द्यायला या, एवढंच त्या बोलल्या. मी तुम्हाला तेवढंच सांगितलं. रोगाचं नाव तुम्हाला कोणी सांगितलं?"

"समजतं की. परत बोलावलं म्हंजे..."

"रक्त कमी हाय म्हणून पण बोलावतात. कावीळ बघायला बोलावतात. माझ्या बहिणीला शुगरसाठी दोनदा बोलावलं. तुमच्या मनात पहिलं हेच कसं आलं?"

"आत्याच्या गोळ्या..."

"गोळ्या कधी बघितल्यात? माघात मी तिथं राहिले होते, तुम्ही एकदापण वर आला नाय. खाली पिकअपमधून हॉर्न मारायचात. आणि आत्यानं तुम्हाला हे कधी सांगितलं? कुठं?"

जितेशने सुप्रियाकडे पाहिलं. ती नजर सुप्रियाला ओळखीची होती. दिवाळीनंतर ढाब्यामागच्या पत्र्याच्या खोल्यांपाशी त्याने अशीच नजर टाकली होती, आधी घाबरलेली आणि मग धमकावणारी. त्या खोल्यांत राहणारी माधुरी किती वर्षं दर वेळी तपासायला यायची आणि दर वेळी हसत बाहेर पडायची, काय नाय निघालं म्हणून. निरोधशिवाय कोणाला हात लावू द्यायची नाही. अपवाद फक्त एका पिकअपवाल्याचा. तो तिला आपला वाटायचा, तिच्यासाठी काजू आणायचा, लग्न करतो म्हणायचा. मग एक दिवस माधुरी तपासणीच्या खोलीतून बाहेर पडली ती हसली नाही. त्याच आठवड्यात सुप्रियाने तो पिकअप बघितला आणि त्यातून उतरणारा आपला भाचा बघितला.

ती त्याला बाजूला घेऊन म्हणाली होती, तपासून घे. तो म्हणाला होता, घरी एक शब्द गेला तर तू कोण हायस ते सहाणेवर उभा राहून सांगेन. ती म्हणाली, सांग, पण आधी तपासून घे. त्याने तपासलं नव्हतं.

"आत्या," निशा आता तिच्याकडे वळली. "तुम्ही बोला."

"माझ्याकडून कोणाचं काय निघणार नाय, निशा."

"म्हंजे हाय काहीतरी."

सुप्रियाच्या गप्प राहण्यातूनच सगळं बाहेर पडत होतं आणि तरी तिला तोंड उघडता येत नव्हतं.

जितेश खाली बसला. दोन्ही हातांनी डोकं धरलं. "एकच बाई होती," तो म्हणाला. "एकच. दिवाळीनंतर आत्यानं मला तिथं बघितलं. तिनंच मला दिलं असणार."

बनुबाईच्या तोंडून एक बारीक आवाज आला.

"तिनं तुला दिलं, का तू तिला दिलंस?" सुप्रियाचा आवाज पहिल्यांदाच कडक झाला. "तू तपासलंस कधी? दर वेळी बाईनंच दिलेलं असतं काय रे?"

पण निशाचं जितेशकडे लक्षच नव्हतं. ती सुप्रियाकडे बघत होती.

"तुम्हाला दिवाळीपासून ठाऊक होतं," ती सावकाश म्हणाली. "मी तुमच्या खोलीत राहिले. तुमच्या हातचं जेवले. माझ्या पोटावरनं हात फिरवायच्यात. आणि मला बोलला नायत."

"मी त्याला बोलले. तुला बोलले असते, तर त्या खोल्यांतल्या एका पण बाईनं परत मला दार उघडलं नसतं. आज एकाचं सांगितलं, उद्या आपलं सांगेल, हेच त्या बोलल्या असत्या. मग त्यांना तपासायला कोण नेणार? म्हणून तुला खोलीवर आणलं. उलट्यांचं निमित्त होतं. रक्ताच्या सगळ्या तपासण्या लवकर व्हाव्यात म्हणून आणलं. मला तेवढंच करता आलं, बाय."

"दिवाळी ते माघ," निशा म्हणाली. "मधले महिने मी ह्यांच्याशेजारी झोपत होते."

सुप्रियाने हातातली गोळ्यांची बाटली बॅगेत ठेवली.

*

पालखीपुढच्या खालूबाजाचा आवाज वरच्या आळीतून उतरू लागला. महिपत भानावर आला.

"झालं ते झालं. आता ऐका. सुप्रिया जीपला जाईल. सूनबायला मी तुडीलला पोचवतो. जितेश, तू तोंड धू आणि नारळ घे. महाडला कोणी जायचं नाय. पोटातलं देवीच्या हवाली."

"नाय," बनुबाई म्हणाली.

ती इतक्या हळू बोलली की महिपतला वाटलं तिने दुसऱ्याच कोणाला उत्तर दिलं. लग्न होऊन या घरात आल्यापासून बनुबाईने नवऱ्याला नाही म्हटल्याचं कोणाला आठवत नव्हतं. तिने स्वतःच काचेचा ग्लास वेगळा काढला होता. महिपतने सांगितलं, तिने केलं. तिचं सगळं आयुष्य तसंच गेलं होतं. पण मघापासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. नवरा बाहेरून घेऊन येतो आणि बायकोला देतो, हे सुप्रिया किती सरळ बोलली. तिने ही गोष्ट तीस वर्षं ओळखली होती. बोलली नव्हती.

"वन्सं, एक विचारते," ती सुप्रियाला म्हणाली. "बाप्याला खाली फोड येतो, दुखत नाय, आपोआप जातो. मग बायकोला अंगावर चट्टे येतात. आणि तिची पोरं पोटातच जातात. असा रोग असतो काय?"

महिपतचा हात दाराच्या चौकटीवर घट्ट झाला. "अगो, आता काय..."

"वन्संना विचारतेय मी."

"असतो, वहिनी," सुप्रिया म्हणाली. "गरमी बोलतात त्याला. इंजेक्शनानं बरा होतो. वेळेत कळला तर पोर वाचतं."

बनुबाईने मान हलवली. "हे मुंबईला गोदीत होते तेव्हा. शिमग्याला आले नि मला पोलादपूरच्या डॉक्टरकडं घेऊन गेले. दोघांना सुया टोचल्या. मी विचारलं, कशाच्या? बोलले, उष्णतेच्या. तोवर माझं पहिलं गेलेलं. सातव्या महिन्यात. दुसरं जन्माला आलं, त्याला रडता येत नव्हतं. नाकातनं रक्त यायचं." ती आता सासूकडे वळली. "आणि तुम्ही मला देवऋष्याकडं नेलंत, आत्याबाय. हिची कूस वाईट बोललात. सगळ्या वाडीला बोललात. बारशाला मला कोणी बोलवत नव्हतं."

अंबूबाईच्या हातातलं सूप मांडीवर कलंडलं. "मला काय ठाऊक गो? मला कोणी सांगितलं?"

"तुम्ही विचारलंत नाय. मी पण नाय. ह्यांच्या तोंडाकडं बघून मला कळायचं, की ह्यांना ठाऊक हाय." बनुबाई उठली. "ह्या पोरीचं असं होऊ द्यायची नाय मी. वन्संनी गप राहून चूक केली असंल. पन रक्त काढून घेतलं तिनंच. मी तर नुसतीच गप राहिले. उद्या सकाळच्या जीपनं मी निशाला महाडला घेऊन जाते. तुडीलला कोणी जात नाय."

"आणि पालखी?" महिपत ओरडला. "दारावरनं गेली तर? गावात तोंड कसं..."

अंबूबाई मध्येच बोलली. तिने मुलाकडे पाहिलं नाही, लेकीकडे पाहिलं. "सुप्रे, पोटातलं वाचंल काय?"

"वाचेल, आये. आजार निघाला तरी वाचेल. आईला आतापासून गोळ्या चालू झाल्या, बाळंतपण दवाखान्यात झालं, पोराला पहिल्या दिवसापासून औषध पाजलं, तर बहुतेक पोरांना काय होत नाय. पण गोळ्या चालू व्हायला लागतात. रक्त द्यायला लागतं."

"मग देऊ दे," अंबूबाई म्हणाली. लेकीबद्दल किंवा सुनेबद्दल तिने एक शब्दही काढला नाही. तिला पणतवंड पाहिजे होतं. पण तिचा शब्द या घरात अजून शेवटचा होता आणि महिपतला ते माहीत होतं.

बाजा अंगणाशी आला. महिपत नारळ घेऊन बाहेर गेला. गुलालात न्हालेली पोरं पालखी खांद्यावर नाचवत कुंपणापाशी आली. सोनबाने महिपतकडे पाहिलं, मग त्याच्यामागे ओटीवर येऊन उभ्या राहिलेल्या सुप्रियाकडे. त्याने हात वर केला आणि पालखी पुढे गेली. सारवलेल्या अंगणात महिपत एकटाच उभा राहिला.

आतून बनुबाईने मुलाला सांगितलं, "उद्या तू पन यायचंस. आमच्या गाडीत नको. पन यायचंस. आला नायस तर तुझं पान ह्या घरात मी मांडणार नाय."

*

महाडच्या सरकारी दवाखान्यात तपासणीच्या खोलीबाहेर एक लांब बाक होता. निशा एका टोकाला बसली होती, शेजारी बनुबाई, आणि मध्ये जागा सोडून सुप्रिया. वाटेत जीपमध्ये निशा तिच्याशी बोलली नव्हती. सुप्रियाने प्रयत्नही केला नव्हता. जितेश पिकअप घेऊन मागून आला होता आणि फाटकाजवळ सावलीत उभा होता. अजून आत आला नव्हता.

येणाऱ्या जाणाऱ्या दोघी तिघी बायका सुप्रियाकडे बघून नजरेनेच काहीतरी बोलल्या. सुप्रियाने मान हलवली, नावाने हाक कोणाला मारली नाही. निशा एकेकीचा चेहरा बघत होती. ही असेल? का ती? हिरव्या साडीतली, अंबाड्यात मोगरा माळलेली? तिला स्वतःची चीड आली, पण नजर थांबेना.

रक्त देऊन झालं होतं. थोड्या वेळाने समुपदेशक बाईंनी दार उघडलं. तरुण होत्या, गळ्यात ओळखपत्र. "निशाताई, आत या. एकट्या येताय, की कोणाला सोबत घ्यायचंय? तुम्ही म्हणाल तोच येईल. दुसरं कोणी नाही."

निशाने फाटकाकडे पाहिलं. जितेश दोन पावलं पुढे आला होता. तिने सुप्रियाकडे पाहिलं. सुप्रियाने स्वतःच नजर खाली केली.

"आई, चला," निशा म्हणाली.

आत काय सांगितलं गेलं ते निशाला नंतर तुकड्या तुकड्यांनी आठवायचं. तीन वेगवेगळ्या तपासण्या केल्या, तिन्हीत निघाला, हे बाई म्हणाल्या. रोग आहे, पण लवकर कळलाय. गोळ्या याच आठवड्यात चालू होतील, रोज एकाच वेळी, चुकवायच्या नाहीत. बाळाला जपता येईल. हे शेवटचं त्या दोनदा म्हणाल्या, कारण पहिल्या वेळी निशाला ऐकूच आलं नव्हतं. तिचा हात बनुबाईच्या हातात होता. काल काचेच्या ग्लासापासून झटकन मागे गेलेला तोच हात. आता तो इतका घट्ट होता की बांगड्या रुतत होत्या.

मग बनुबाईने पदर सावरला. "बाई, माझं पन रक्त घ्या. जुन्या रोगाचं. आता काय उपेग नाय, पन मला कळू दे."

"का उपयोग नाही?" बाई म्हणाल्या. "घेऊ की."

बनुबाई आतच थांबली. निशा बाहेर आली. जितेश आता बाकापर्यंत पोचला होता. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता आणि तिच्या चेहऱ्यावरून त्याला जे वाचायचं होतं ते त्याने वाचलं. त्याचे ओठ हलले.

"मला आता काय सांगू नका," निशा म्हणाली. "मला रडायला पण तुमच्यासमोर नकोय. आत जा आणि रक्त द्या."

तो उभाच राहिला. ती बाजूला झाली, दार मोकळं केलं. मग तो आत गेला.

निशा बाकाशी आली. सुप्रिया उठून उभी राहिली होती. तिने काय झालं विचारलं नाही, हात पुढे केला नाही. निशाला तिच्याबद्दल अजून राग होता, तो आज जाणार नव्हता, कदाचित बाळ झाल्यावरही जाणार नव्हता. पण राग बाजूला सारून दुसराच एक प्रश्न कालपासून तिच्या तोंडाशी येत होता.

"ती बाई," निशा म्हणाली. "ह्यांची. तिला निघालंय का? तिला गोळ्या मिळतात का तरी?"

सुप्रियाच्या डोळ्यांत पाणी आलं. बोलावंसं तिला किती वाटत होतं ते दिसत होतं.

"कोणाचं मी कोणाला सांगत नाय, निशा," ती शेवटी म्हणाली. "तुला पण नाय."

निशाने मान वळवली. खोलीच्या दारात हिरव्या साडीतली बाई आपल्या नंबरची वाट बघत उभी होती. त्या बाईने सुप्रियाकडे एकदा पाहिलं आणि खांदे सैल सोडले, जसं घरी आल्यावर माणूस सोडतो.

"मग माझं पण नको सांगू," निशा म्हणाली. "वाडीत नाय, तुडीलला नाय. कोणाला नाय."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती तिला अगं तुगं बोलली होती.

"नाय सांगत," सुप्रिया म्हणाली.

निशा बाकावर बसली. मधली जागा सोडली नाही.